पूर्व भागातल्या एका घराचा स्टोरेज सर्व्हर : साडेएकतीस हजारांचा हिशेब

घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे. पुढच्या बाजूला राहतं घर आणि मागे एका भिंतीपलीकडे टॉवेलचे माग. थोरल्या सूनबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते. गेली बारा-तेरा वर्षं त्या कारखानदारांना जकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइनं संगणकावर काढून देतात. त्यांचा धाकटा दीर लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करतो. तो माझा शाळेपासूनचा मित्र, म्हणून दोघांच्या फाइली एका जागी नीट ठेवणारा सर्व्हर उभारायचं काम माझ्याकडे आलं.

प्रकरण सुरू झालं ते एका पोर्टेबल डिस्कपासून. दिराकडे अशा सात डिस्क होत्या, प्रत्येकीवर स्केचपेनने साल लिहिलेलं. त्यातली एक संगणकाला दिसेनाशी झाली आणि कानाशी धरली की टक-टक वाजू लागली. त्यावरची दोन लग्नं ग्राहकांना आधीच दिलेली होती, म्हणून निभावलं. पण आतली माहिती काढून देण्याचा जो खर्च पुण्याहून कळला, तो नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होता. अक्कांची फाइल काही मेगाबाइटचीच असते; बारा वर्षांची सगळी डिझाइनं एका पेनड्राइव्हमध्ये मावतील. मात्र एखादी गेली तर ती परत काढायची म्हणजे पडद्यावर एकेक चौकट भरत बसायचं. दिराचा पसारा मोठा, २.६ टेराबाइट, आणि वर्षाला साधारण ७०० गिगाबाइटची भर. एकाचा माल जड आणि दुसरीचा मोलाचा.

बजेट ३५,००० रुपये, त्यावर एक पैसा नाही. दिराने मला मागण्यांची लांबलचक यादी पाठवली होती: टीव्हीवर सिनेमे, फोनचे फोटो आपोआप, मंगल कार्यालयातून थेट अपलोड वगैरे. अक्कांनी दोनच गोष्टी विचारल्या. "लाईट गेली तर काय? आणि तुम्ही गावात नसलात तर काय?" पुढे प्रत्येक वस्तू निवडताना मी दिराची यादी बाजूला ठेवली आणि हे दोन प्रश्न समोर ठेवले.

काय काय बघितलं

सगळ्यात सरळ पर्याय म्हणजे तयार डबा. सिनॉलॉजीचा डीएस२२३जे हा दोन डिस्कचा नास, म्हणजे घरच्या जाळ्यात जोडून सगळ्यांना फाइली देणारा डबा, त्यावेळी रिकामाच वीस हजारांच्या आसपास मिळत होता. वीज कमी खातो, आवाज नाही, अ‍ॅप चांगलं आहे, आणि माणूस हाताशी नसला तरी मेनूतून निम्मी कामं उरकतात. मेमरी एक जीबी आणि ती वाढवता येत नाही, पण फाइली ठेवायला आणि द्यायला तेवढी पुरते. ज्या घरात असल्या गोष्टींची हौस असणारं कुणी नाही, तिथे मी आजही हाच घ्या म्हणतो. इथे अडचण पैशांची होती. वीस हजार डब्यालाच गेले तर उरलेल्या पंधरात दोन चांगल्या डिस्क बसत नाहीत, आणि एका डिस्कवर हे सगळं ठेवायचं तर पोर्टेबल डिस्का काय वाईट होत्या?

दिराचा जीव रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होता. इंटरनेटवर बघितलेलं, तळहाताएवढं, दिसायला गोड. पाय ४च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरपेक्षा जास्त वीज देता येत नाही. पाय ५ला २७ वॉटचा अडॅप्टर लावला तर ती मर्यादा १.६ होते. अडीच इंची डिस्क सुरू होताना एकटीच अँपिअरभर ओढू शकते. म्हणजे दोन डिस्कसाठी वेगळी वीज घेणारा डॉक आला, त्याचा अडॅप्टर आला, पायचा अडॅप्टर, केस, कार्ड. बेरीज करून दाखवली तेव्हा ती जुन्या संगणकाच्या वर गेली. त्यातून यूएसबीची साटाशी, म्हणजे डिस्कच्या जोडणीशी, गाठ घालणारी चिप कुठली निघेल ते नशिबावर. काही चिपांचं आणि लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी लावायच्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचं, जमत नाही, आणि मोठी कॉपी चालू असताना डिस्क मधेच गायब होते. अक्कांच्या दुसऱ्या प्रश्नाला हे उत्तर नव्हतं.

एन१०० प्रोसेसरचे छोटे डबे मला मनापासून आवडतात. सहा वॉटचा प्रोसेसर, चार कोर, घरच्या कामाला रग्गड. पण बाजारात सहज मिळणाऱ्या डब्यांत साडेतीन इंची डिस्कला जागाच नसते, पुन्हा यूएसबी आलं. चार-सहा साटा पोर्टांचे एन१०० बोर्ड परदेशातून मागवता येतात. बिघडलं तर परत कुठे पाठवायचं याचं उत्तर नाही.

दिराचा जुना लॅपटॉप फुकट होता, आणि त्याची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस असंही तो म्हणाला. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत ४२-४३ अंश सहज होतं. त्या उन्हाळ्यात चोवीस तास चार्जिंगला लावलेली लिथियम बॅटरी फुगते, तेव्हा आधी टचपॅड वर येतो. ते मी लोकांच्या लॅपटॉपमध्ये बरेचदा बघितलंय. नको म्हटलं.

आणखी एक फुकटची वस्तू आली होती. कुणीतरी ओळखीच्याने कार्यालयातून काढलेला रॅकचा सर्व्हर देऊ केला होता, दोन प्रोसेसरवाला. चालू केला तर पंख्यांचा आवाज मागांना टक्कर देणारा, आणि काहीही काम नसताना ११० वॉट. इथे विजेचं गणित सांगतो, कारण ते सोपं आहे आणि कुणी करत नाही. एक वॉट वर्षभर चालू राहिला की ८.७६ युनिट होतात. मी युनिटला सरसकट दहा रुपये धरतो. महावितरणच्या कुठल्या टप्प्यात घराचं बिल बसतं त्यावर थोडं इकडे-तिकडे. म्हणजे ११० वॉटचे वर्षाला ९,६००च्या वर रुपये. फुकट घोडा, पण चंदी परवडत नाही.

लॉटचा माल

शेवटी वळलो ते कंपन्यांतून उतरलेल्या जुन्या डेस्कटॉपकडे. हे सगळं २०२५च्या जानेवारीतल्या गड्डा यात्रेनंतरचं. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे जाहीर होतं, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरवर अधिकृतपणे चालतं. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची चांगली धडधाकट यंत्रं कार्यालयं विकून टाकत होती, आणि पुण्याकडून त्यांचे लॉट येत होते. ज्याला विंडोज लावायचंच नाही त्याच्यासाठी ही पर्वणी.

दुकानदाराने आधी आय७ प्रोसेसरवाला काढला. "दोन हजार जास्त जातील, पण मशीन पळेल." फाइली देण्याच्या कामात पळायचं कुठे असतं? गिगाबिट जाळ्यातून सेकंदाला जास्तीत जास्त ११०-११५ एमबी जातात, आणि तेवढं तर सहाव्या पिढीचा आय३ झोपेत देतो. एकाच पिढीचे आय३, आय५, आय७ नुसते बसून असताना विजेचा फरकही फारसा नसतो. सर्व्हर दिवसातले बावीस तास नुसता बसूनच असतो.

मला बघायच्या होत्या वेगळ्याच गोष्टी, आणि त्या झाकण काढल्याशिवाय दिसत नाहीत. काउंटरवर तीन यंत्रं ओळीने उघडली. पहिलं स्लिम, देखणं, पण साडेतीन इंची डिस्कला एकच खण. दुसऱ्यात जागा दोन, पण डिस्कला वीज देणारी वायर थेट मदरबोर्डातून आलेली आणि तिला एकच टोक. अशा कंपनी-मालाच्या यंत्रांत पॉवर सप्लायचा कनेक्टरही बहुधा त्यांचा स्वतःचा असतो, बाजारातला साधा सप्लाय बसत नाही. तो जळला की तशाच जुन्या यंत्राची वाट बघायची. तिसरा मिनी टॉवर. कोपऱ्यात पडलेला, धुळीने माखलेला, कुणी घेत नाही कारण टेबलावर जागा खातो. त्यात साडेतीन इंची दोन ट्रे, साटाचे चार पोर्ट, पुढच्या जाळीमागे १२० मिमीच्या पंख्याला जागा, आणि पॉवर सप्लाय नेहमीच्या मापाचा, नवी पेठेत कुठेही मिळणारा. अक्कांच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ते शेवटचं.

मोबाइलचा टॉर्च लावून कपॅसिटरचे माथे बघितले. एकही फुगलेला नव्हता. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, गेलो. वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय आहे का, रोज ठरावीक वेळी चालू होण्याची सोय आहे का, दोन्ही होत्या. मग सोबत नेलेला वॉटमीटर लावला. डिस्कशिवाय, लिनक्सच्या पेनड्राइव्हवर, नुसतं बसून १४ वॉट. दुकानदार तो आकडा बघून म्हणाला, "आमच्या झिरोच्या बल्बएवढं!" आय३, आठ जीबी मेमरी, साडेसात हजारांत सौदा. वर १,१०० रुपयांचा छोटा एसएसडी, ऑपरेटिंग सिस्टिमसाठी.

तयार नासशी तुलना पूर्ण करायची तर ती अशी. दोन डिस्क धरून आमचं यंत्र २७ वॉटवर स्थिरावलं, तयार डबा काम करताना साधारण १६ वॉट घेतो. फरक ११ वॉटचा, म्हणजे वर्षाला ९६० रुपयांच्या आसपास. सुरुवातीला वाचले ११,४०० रुपये. तेवढे विजेत जायला बारा वर्षं लागतील, तोवर दोन्ही भंगारात.

डिस्क

खरा पैसा इथे गेला आणि वेळही.

डिस्क घेताना टेराबाइट आणि किंमत एवढंच बघितलं जातं. घरच्या सर्व्हरला त्याहून महत्त्वाचं म्हणजे आत लिहिण्याची पद्धत. सीएमआर डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या एकमेकींशेजारी मोकळ्या असतात. एसएमआर डिस्कमध्ये त्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात: तेवढ्याच जागेत जास्त मावतं, पण मधली एक पट्टी बदलायची तर तिच्यावर चढलेल्या पुढच्या पट्ट्याही परत लिहाव्या लागतात. अधूनमधून थोडं लिहिलं तर कळतही नाही, कारण डिस्क आधी एका राखीव भागात लिहून घेते आणि निवांत वेळी जागच्या जागी लावते. सलग काही तास लिहीत राहिलं की तो राखीव भाग भरतो आणि वेग कोसळतो. लग्नसराईत एका रात्री दीडशे-दोनशे जीबी टाकणाऱ्या माणसाला ती डिस्क शाप आहे.

हे खोक्यावर लिहिलेलं असेलच असं नाही. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या, म्हणजे नाससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, दोन ते सहा टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं आणि गदारोळ झाला. त्यानंतर कंपन्यांनी याद्या जाहीर केल्या. त्यामुळे मॉडेल क्रमांक हातात घ्यायचा, कंपनीच्या यादीत बघायचा, मगच पैसे द्यायचे. नुसतं "चार टीबी आहे का" असं दुकानात विचारलं की पुष्कळदा स्वस्त डेस्कटॉप डिस्क पुढे येते, आणि ती बहुधा एसएमआर असते.

घेतल्या त्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. पहिली सीगेटची आयर्नवुल्फ, ४ टेराबाइट, १०,८०० रुपये. ही मालिका पूर्ण सीएमआर आहे. दुसरी सीसीटीव्हीसाठीची जांभळ्या लेबलची, तीही ४ टेराबाइट, ९,६००. दिराला हे पटेना. "काय करलालास बे, कॅमेऱ्याची डिस्क आहे ती!" पण सीसीटीव्हीची डिस्क चोवीस तास लिहीत राहण्यासाठीच बनवलेली असते, हमी तीन वर्षांची असते, आणि महत्त्वाचं म्हणजे ती सोलापुरात मिळते. गावात कॅमेरे बसवणारे इतके झालेत की या डिस्का दुकानात कायम पडून असतात. बंद पडली तर अक्का स्वतः जाऊन बदलून आणू शकतात. कंपन्या दोन घेण्याचं कारण साधं आहे: एकाच घाण्यातून निघालेल्या दोन डिस्का एकाच दोषाने आसपासच्याच काळात जाऊ शकतात.

त्या जानेवारी-फेब्रुवारीत आणखी एक प्रकरण जगभर गाजत होतं. डेटा सेंटरमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या सीगेटच्या डिस्का, वापराचे तास पुसून, काही विक्रेत्यांमार्फत नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. स्मार्टमधला, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातला, तासांचा आकडा शून्य केलेला असला तरी सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, आणि स्मार्टसीटीएल या साधनाची नवी आवृत्ती ती वाचते. आमच्या आयर्नवुल्फचे दोन्ही आकडे जुळले. मग दोन्ही डिस्का रिकाम्या असतानाच काठोकाठ लिहून परत वाचून घेतल्या. चार टेराबाइटला या तपासणीचे सगळे फेरे पुरे व्हायला तीनेक दिवस लागतात. दीर रोज फोन करून विचारायचा, अजून फोटो टाकू का नाही म्हणून. नव्या डिस्कचा दोष असेल तर तो याच दिवसांत दिसावा, परत करायची मुदत संपल्यावर नव्हे. स्मार्टमधले क्रमांक ५ आणि १९७चे आकडे, म्हणजे बदललेले आणि संशयित सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), शेवटीही शून्यच होते.

आरसा नको, रात्रीची प्रत हवी

दोन डिस्क म्हटलं की कुणीही रेड-१ सुचवतो: दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहायचं. मी ते केलं नाही, आणि यावर माझे दोन जाणकार मित्र अजून माझ्याशी भांडतात.

रेड-१चा फायदा हा की एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही. दुकानाला, दवाखान्याला तो हवा. या घरात अर्धा दिवस सर्व्हर बंद राहिला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते चुकून फोल्डर उडवल्याने, एका फाइलवर दुसरी चढल्याने, पायरेटेड सॉफ्टवेअरसोबत आलेल्या व्हायरसने, आणि फोटोग्राफरच्या संगणकावर ही तिन्ही निमित्तं हजर असतात. रेड-१चा आरसा यातलं काहीच वाचवत नाही. इकडे उडवलं की तिकडेही त्याच क्षणी उडतं. म्हणून पहिली डिस्क वापराची, दुसरी घरातल्या कुणालाच न दिसणारी. रोज रात्री दोन वाजता आरस्नॅपशॉट हा प्रोग्राम पहिलीवरचा फरक दुसरीवर उतरवतो. मागचे सात दिवस, चार आठवडे आणि सहा महिने अशा अवस्था परत काढता येतात, आणि न बदललेली फाइल प्रत्येक अवस्थेत नव्याने जागा खात नाही.

झेडएफएस हे फाइल सिस्टिम म्हणून, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत म्हणून, वापरता आलं असतं. आठ जीबी मेमरीत ते चालतं, आणि फाइल आतल्या आत सडली तर ते सांगतं, जे साधी फाइल सिस्टिम सांगत नाही. तरी दोन्ही डिस्का लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ पद्धतीच्याच ठेवल्या. उद्या मी गावात नसेन, टॉवर बंद पडेल, आणि अक्का डिस्क काढून एखाद्या पोराकडे नेतील. ती कुठल्याही लिनक्स यंत्राला लावली की फोल्डर जसेच्या तसे दिसले पाहिजेत, दुसऱ्या आज्ञेची गरज पडता कामा नये. वर सर्व्हर सांभाळायला ओपनमीडियाव्हॉल्ट हे सॉफ्टवेअर बसवलं; डेबियन या लिनक्सवर बेतलेलं आहे, फुकट आहे, ब्राउझरमधून चालतं.

तिसरी प्रत जुन्या पोर्टेबल डिस्कांवर. चांगल्या सहांपैकी ज्यांची स्मार्टची नोंद स्वच्छ होती त्या भरून अक्कांच्या बहिणीकडे जुळे सोलापुरात ठेवल्या, आणि अक्कांची डिझाइनं वेगळ्या पेनड्राइव्हवरही. घराला आग लागली किंवा चोर टॉवर उचलून घेऊन गेला तर घरातल्या दोन्ही प्रती सोबतच जातात.

बाहेरून पोचायची सोय मुद्दाम दिली नाही. दिराची ती मागणी यादीत तिसरी होती.

लाईट

घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर आधीपासून होता, दीडशे एएचच्या बॅटरीसह. त्याच्या मागे एक बटण असतं, जे बसवणारा माणूस लावून जातो आणि पुन्हा कुणी हात लावत नाही: यूपीएस मोड की साधा मोड. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर यायला साधारण तीस-चाळीस मिलिसेकंद लागतात. पंख्याला, ट्यूबला ते कळत नाही. संगणकाचा पॉवर सप्लाय मात्र विजेशिवाय सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरेल एवढ्याच हिशेबाने बनवलेला असतो. यूपीएस मोडमध्ये ही उडी दहा-बारा मिलिसेकंदांत होते. बटण फिरवलं, कॉपी चालू ठेवली, मेन स्विच खाली ओढला. टॉवर हललाही नाही.

मोड बदलल्याचा एक परिणाम मागाहून दिसला. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर व्होल्टेज १८०च्या खाली गेलं की बॅटरीवर जातो. सकाळी पलीकडचे माग एकदम सुरू होतात, तेव्हा क्षणभर व्होल्टेज पडतं आणि इन्व्हर्टर टिक-टिक करतो. त्रास नाही, पण अक्कांना आधी सांगून ठेवावं लागलं, नाहीतर त्या मिस्त्रीला बोलावणार होत्या.

वेगळा यूपीएस घेतला नाही. तो वाचवून राहिला एक प्रश्न: लाईट चार-पाच तास आली नाही आणि इन्व्हर्टरची बॅटरीच संपली तर टॉवर झटक्यात बंद पडणार. महागड्या यूपीएसला यूएसबीतून इशारा देता येतो, इन्व्हर्टरला येत नाही. त्यावर स्वस्तातला उपाय असा. घरात एक जुना राउटर पडला होता. तो इन्व्हर्टरच्या नव्हे, थेट लाइनच्या सॉकेटला लावला आणि तारेने जाळ्यात जोडला. त्याला दुसरं काहीच काम नाही. सर्व्हर दर मिनिटाला त्याला हाक मारतो. सलग अर्धा तास उत्तर आलं नाही म्हणजे लाईट गेलेली आहे, आणि तो स्वतःला नीट बंद करून घेतो.

आता यात एक गाठ आहे. सर्व्हर असा बंद झाला आणि लाईट बॅटरी संपायच्या आत परत आली, तर टॉवरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नव्हती, त्यामुळे "वीज परत आली की चालू हो" ही बायोसची सोय जागी होत नाही. म्हणून दुसरी सोय: रोज सकाळी सात वाजता चालू. आधीच चालू असेल तर काही होत नाही. फार झालं तर घर दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत सर्व्हरविना राहतं. दुकानात बायोस उघडून ती ओळ शोधली होती ती एवढ्यासाठी.

जागा, तंतू, ऊन

सगळ्यात थंड जागा जिन्याखालची. पण तिथे पाण्याची बॅरलं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी जिन्याखाली पाय ठेवायला जागा नसते आणि फरशी ओली. तिथे विजेचं यंत्र ठेवणं शक्यच नव्हतं. वरच्या खोलीत दुपारी स्लॅबची भट्टी. मधल्या खोलीतलं फडताळ दिराने सुचवलं, सोयीचं होतं, पण ते नेमकं मागांच्या भिंतीत. हात ठेवला तर तळव्याला धक्के जाणवत होते. फिरत्या डिस्कचं डोकं माहितीच्या पट्टीवर केसाच्या अगदी किरकोळ अंशाएवढ्या उंचीवर तरंगत असतं. दिवसाचे बारा तास धडधडणाऱ्या भिंतीत तिला कोंबणं मला मान्य नव्हतं. टॉवर समोरच्या भिंतीला, जमिनीपासून दीड फुटावर लाकडी स्टुलावर, खाली रबराचे चार तुकडे.

त्या घरात हवेत कापसाचे तंतू असतात. दिसत नाहीत, पण पंख्याच्या पात्यांवर आठवड्यात करडी लव चढते. टॉवरमध्ये तर ते पुढून आत ओढले जाऊन प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पत्र्यांच्या फटींत नमद्यासारखे बसतात. ४५० रुपयांचा १२० मिमीचा पंखा पुढे लावला आणि त्याच्यावर मच्छरदाणीची जाळी दुहेरी करून ताणली. आत येणारी सगळी हवा आता त्या एकाच जागेतून येते, बाकीच्या फटी टेपने बंद. जाळी महिन्यातून दोनदा काढून झटकायची, एवढं काम अक्कांच्या सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. खंडेनवमीला मागांसोबत टॉवरचीही पूजा झाली. हळदकुंकू जाळीवर नको, वरच्या पत्र्यावर लावा, एवढी विनंती मी केली होती.

उन्हाळ्याचे आकडे: फेब्रुवारीत डिस्का ३६-३८ अंशांवर होत्या. एप्रिलच्या एका दुपारी खोलीतच ३९ अंश होते, आणि पुढचा पंखा बंद करून बघितला तर तासाभरात वरची डिस्क ५२ला गेली. पंखा चालू केल्यावर ४६वर आली आणि तिथे थांबली. कंपन्या साठ-पासष्टपर्यंत चालेल म्हणतात. मी पन्नासच्या वर सलग राहू देत नाही. पन्नास ओलांडले की दिराच्या फोनवर मेल जातो.

तार

राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचे निघाले. त्या वेगाने सेकंदाला ११ एमबी, म्हणजे २.६ टेराबाइट भरायला पावणेतीन दिवस. १,१५० रुपयांचा पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच आणला, तरी दिराच्या संगणकाचा वेग तिथेच. भिंतीतून गेलेल्या जुन्या तारेचं टोक कापून बघितलं तेव्हा कळलं: वायरमनने आठांपैकी चारच धागे दाबले होते, उरलेले चार मागे मुडपलेले. गिगाबिटला आठही लागतात. दोन्ही टोकं नव्याने दाबली, ९४० मेगाबिट. सर्व्हरसाठी नवी तार आणि टोकं मिळून ६०० रुपये. पहिली भरती मात्र पोर्टेबल डिस्का थेट टॉवरच्या यूएसबीला लावूनच केली.

बेरीज आणि पुढचं

टॉवर ७,५००, एसएसडी १,१००, दोन डिस्क मिळून २०,४००, स्विच १,१५०, तार ६००, पंखा ४५०, साटा केबल आणि किरकोळ ३००. एकूण ३१,५००. बजेटमधले उरलेले साडेतीन हजार दिराला दुसऱ्या मॉनिटरला लावायचे होते. अक्कांनी ते पुढच्या डिस्कसाठी म्हणून काढून ठेवले.

पावसाळ्यात एकदा दिराने जागा करायची म्हणून कच्चे फुटेज उडवलं आणि त्यात एका चालू कामाचं फोल्डरही गेलं. रात्रीच्या प्रतीतून ते परत आलं, अक्कांनीच काढून दिलं. मी तेव्हा पंढरपुरात होतो. फोनवर फक्त कुठल्या तारखेच्या फोल्डरात बघायचं ते सांगितलं. उडवलेल्या फाइली मात्र सहा महिने दुसऱ्या डिस्कवर जागा अडवून राहतात, त्यामुळे ती पहिलीच्या आधी भरणार आहे. दिराने मध्यंतरी फोर-केमध्ये चित्रीकरण सुरू केलंय, म्हणजे दोन वर्षांचा माझा अंदाज दीडवर आला. टॉवरमध्ये चौथा साटा पोर्ट मोकळा आहे पण तिसरा ट्रे नाही. तेव्हा पुढची डिस्क आठ टेराबाइटची, रात्रीच्या प्रतीसाठी, आणि निघालेली जांभळी चार टेराबाइटची जुळे सोलापूरला, त्या पोर्टेबल डिस्कांच्या जागी.